हिवतापाच्या जंतूची जनुकं : मेणबत्तीच्या बरणीपासून पुढे



आज बोलायचं आहे हिवतापाबद्दल. थंडीताप म्हणा, मलेरिया म्हणा, आपल्या गटांना त्याची ओळख करून द्यायला नको. पाऊस लागला की बैठकीची हजेरी निम्म्यावर येते आणि गटाच्या वहीत कर्जाच्या कारणापुढे 'आजारपण' हा शब्द वाढत जातो. बैठकांमधून एक प्रश्न सारखा येतो. वयस्कर बाया म्हणतात, पूर्वी त्या कडू पांढऱ्या गोळ्या घेतल्या की कुठलाही हिवताप उतरायचा. आता आशाताई आधी बोट टोचतात, पट्टीवर थेंब घेतात आणि मग सांगतात, या हिवतापाला या गोळ्या, त्या हिवतापाला त्या. असं का? जुनी गोळी चालेनाशी झाली, ती नेमकी कशानं? आणि हे कुणाला कसं कळलं?

आम्ही समन्वयक बायांनी याचं उत्तर शोधायला घेतलं तेव्हा ते एका इतिहासात निघालं. राजांचा नाही, लढायांचा नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जंतूच्या आत हात घालून त्याचं एकेक जनुक काढून बघायला माणूस कसा शिकला, त्याचा हा इतिहास आहे. जनुक हा शब्द आपल्याला बीटी कापसामुळे माहीत झाला. २००२ साली भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी हिवतापाच्या जंतूची सगळी जनुकं वाचून झाली. एकाच काळातल्या या दोन गोष्टी. एक आपल्या शेतात आली, दुसरी आपल्यापर्यंत कुणी सांगत आलं नाही.

सुरुवात थोडक्यात सांगतो. १८८० साली अल्जीरियात लाव्हरान नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरला रुग्णाच्या रक्तात हा जंतू पहिल्यांदा दिसला. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या पोटात सापडला. रॉस यांचं नाव शाळेच्या पुस्तकात असतं. ज्याला डास चाववून घेतले त्या हुसेन खान नावाच्या रुग्णाचं नसतं. त्याला एका डासामागे एक आणा मिळत असे. हा एक आणा लक्षात ठेवा, कारण पुढेही या सगळ्या कथेत कुणाचं तरी रक्त आहे आणि त्या माणसाचं नाव बहुतेक वेळा कुठेच नाही.

डासाची मादी चावते, तिच्या लाळेतून जंतू आपल्या अंगात येतो आणि थेट यकृतात जाऊन बसतो. तिथं वाढून तो रक्तात उतरतो, तांबड्या पेशीत शिरतो, आतलं हिमोग्लोबिन खातो, एकाचे अनेक होतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. पेशी फुटतात तेव्हा हुडहुडी भरते. आपल्या तपासणीच्या कार्डावर हिमोग्लोबिन आठ-नऊ लिहिलेलं असतं, त्यातलं उरलंसुरलंही हा खातो. म्हणून हिवतापातून उठलेली बाई महिनाभर पांढरीफटक दिसते. लहान पोराची पानथरी वाढते तीही यामुळेच.

एवढं कळलं तरी जंतूचा अभ्यास करायचा तर तो सतत हाताशी हवा. माणसाच्या अंगाबाहेर तो काही दिवसांत मरायचा. १९४८ साली काँगोमधल्या रानउंदरांत एक वेगळा हिवताप सापडला. तो प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांना देता येऊ लागला, त्यानं बरंच काम झालं. पण उंदराचा जंतू वेगळा, माणसाचा वेगळा. माणसाच्या हिवतापातला सर्वांत जीवघेणा जंतू म्हणजे फाल्सिपेरम, ज्यानं ताप मेंदूत जातो असं आपण म्हणतो. तो बशीत जगवायचा कसा, हे कुणाला जमत नव्हतं.

ते जमलं १९७६ मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात. विल्यम ट्रेगर तेव्हा साठी ओलांडलेले होते आणि आयुष्यभर याच एका गोष्टीच्या मागे होते. जेम्स जेन्सन हे त्यांचे सहकारी. त्यांनी काय केलं ते ऐका, कारण ते आपल्या कुणाच्याही स्वयंपाकघरात समजेल असं आहे. माणसाच्या तांबड्या पेशी, त्यांना जगायला लागणारं पोषक पाणी आणि जंतू, असं सगळं पसरट बशांमध्ये घातलं. त्या बशा काचेच्या मोठ्या बरणीत ठेवल्या. बरणीत एक साधी मेणबत्ती लावली आणि झाकण घट्ट बसवलं. मेणबत्ती जळता जळता आतली प्राणवायूची मात्रा कमी होते, कार्बन डायऑक्साईड वाढतो आणि शेवटी ज्योत विझते. ज्योत विझली की बरणीत जी हवा उरते, ती या जंतूला मानवते. आपल्याला मोकळी हवा लागते, त्याला कोंदट. बाहेर उष्णता आपल्या अंगाइतकी ठेवायची, दररोज पोषक पाणी बदलायचं, मधूनमधून ताज्या तांबड्या पेशी घालायच्या. अशा रीतीनं जंतू महिनोन् महिने जगला, वाढला. हा पहिला जंतू संसर्ग झालेल्या एका माकडाच्या रक्तातून आलेला होता.

त्याच १९७६ सालात भारतात काय चाललं होतं? १९६५ पर्यंत डीडीटीच्या फवारणीनं हिवताप जवळजवळ संपत आला होता, वर्षाला लाखभर रुग्ण. मग फवारणी सैल पडली, डास औषधाला सरावले आणि १९७६ मध्ये देशात ६४ लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. आजी सांगतात, घरात सगळे एकदम पडलेले, पाणी द्यायला कुणी नाही, ते याच काळातलं असावं. शिवाय १९७३ मध्ये आसामात असे रुग्ण सापडले होते ज्यांचा फाल्सिपेरम क्लोरोक्विनला, म्हणजे आपल्या त्या कडू पांढऱ्या गोळीला, दाद देत नव्हता.

आता जनुकांकडे येऊ. प्रत्येक सजीवाच्या पेशीत एक लांब लिखाण असतं. त्यात अक्षरं फक्त चार. त्या लिखाणातला एकेक परिच्छेद म्हणजे जनुक, आणि एका जनुकावरून एक प्रथिन तयार होतं. फाल्सिपेरमचं लिखाण १४ गुणसूत्रांत वाटलेलं आहे. एकूण अक्षरं सुमारे २ कोटी ३० लाख आणि जनुकं ५,३०० च्या आसपास. एखाद्या जनुकाचं काम काय हे कळायचं असेल तर सरळ उपाय असा की ते काढून टाकायचं आणि जंतूचं काय अडतं ते बघायचं. घरातली एक बाई चार दिवस माहेरी गेली की ती काय काय करत होती ते सगळ्यांना कळतं, तसंच.

पण काढायचं कसं? जंतूचं लिखाण चार भिंतींच्या आत असतं. पहिली भिंत आपल्या तांबड्या पेशीची. तिच्या आत जंतू स्वतःभोवती एक पिशवी करून बसतो, ती दुसरी. जंतूची स्वतःची कातडी तिसरी, आणि आतल्या केंद्राचं आवरण चौथी. बाहेरून बनवलेला जनुकाचा तुकडा या चारही भिंतींपलीकडे पोचला पाहिजे. शिवाय या जंतूच्या लिखाणात चारपैकी दोनच अक्षरं इतक्या वेळा येतात, शेकडा ऐंशी, की त्याचे तुकडे प्रयोगशाळेत नीट तयारच होत नाहीत, मध्येच तुटतात, बदलतात. बाकीच्या कितीतरी जंतूंमध्ये जनुकं घालता-काढता येऊ लागली तरी हिवतापवाले संशोधक मागेच राहिले. १९७६ ला जंतू बशीत जगला, आणि त्यात बाहेरचं जनुक पहिल्यांदा घालता आलं ते १९९३ मध्ये. मध्ये सतरा वर्षं गेली.

त्या १९९३ च्या कामात अमेरिकेतल्या हार्वर्डच्या डायन वर्थ होत्या आणि श्रीलंकेच्या कामिनी मेंडिस होत्या. हे आम्ही मुद्दाम सांगतो. त्यांच्या गटानं कोंबड्यांच्या हिवतापाचा जंतू घेतला, कारण त्याची एक अवस्था तांबड्या पेशीच्या बाहेर मिळते, म्हणजे भिंती कमी. त्यात त्यांनी काजव्याचं जनुक घातलं, ज्यामुळे काजवा उजळतो ते. जनुक आत पोचलं आणि जंतूनं ते वाचलं तर उजेड दिसणार, नाही पोचलं तर अंधार. उजेड दिसला. यंत्रावर मोजावा लागेल इतका मिणमिणता असेल, पण दिसला. १९९५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरातल्या गटानं उंदरांच्या जंतूत घातलेलं जनुक पिढ्यान् पिढ्या टिकवून दाखवलं. त्याच वर्षी अमेरिकेत यीमिन वू आणि थॉमस वेलम्स यांच्या गटानं माणसाच्या फाल्सिपेरममध्ये बाहेरचं जनुक घातलं. विजेचा क्षणभराचा झटका द्यायचा, पेशीच्या भिंतींना बारीक भोकं पडतात, तेवढ्यात तुकडा आत शिरतो. लाखो जंतूंमधून एखाद्यातच तो शिरतो आणि टिकतो.

मग तो एक ओळखायचा कसा? इथं केलेली युक्ती खुरपणीसारखी आहे. आत घालायच्या तुकड्याला आणखी एक जनुक जोडायचं, जे जंतूला एखाद्या औषधापासून वाचवतं. नंतर बशीत तेच औषध घालायचं. ज्यांच्यात तुकडा नाही ते सगळे मरतात, ज्याच्यात आहे तो उरतो आणि हळूहळू वाढतो. त्याला आठवडे लागतात. हे वाचताना आम्हालाही शंका आली की बाई गं, औषधाला न बधणारा जंतू हातानं तयार करायचा म्हणजे काय! ती शंका रास्तच होती. सुरुवातीला वापरलेलं औषध, पायरीमेथामाईन, हे माणसांना दिलं जाणारंच होतं. दोन वर्षांतच संशोधकांनी दुसरं औषध घेतलं, जे हिवतापाच्या रुग्णाला दिलंच जात नाही. शिवाय बशीतला जंतू डासाशिवाय एका माणसातून दुसऱ्यात जात नाही. तरीही असले प्रश्न बैठकीत विचारावेत असंच आमचं मत आहे. बीटीच्या वेळी आपण बाया गप्प बसलो होतो.

जनुक बदलण्याची रीत गोधडीला ठिगळ लावावं तशी. ठिगळाच्या दोन्ही कडा मूळ कापडाशी जुळतील अशा बनवायच्या आणि मध्ये आपला बदल ठेवायचा. जंतू स्वतःचं फाटलेलं लिखाण दुरुस्त करताना चुकून आपलं ठिगळ शिवून घेतो. १९९६ पासून फाल्सिपेरममध्ये हे जमू लागलं. पण कुठे फाटेल आणि कधी शिवलं जाईल हे नशिबावर. एक जनुक बदलायला सहा-सहा महिने.

आता त्या पांढऱ्या गोळीकडे या, कारण बैठकीतला मूळ प्रश्न तोच होता.

जंतू हिमोग्लोबिन खातो तेव्हा एक विषारी राख मागे उरते. चुलीतली राख भरली की आपण ती काढून कोपऱ्यात ढीग करतो. जंतू तसाच, आपल्या पोटातल्या एका कप्प्यात ती राख घट्ट खड्यांच्या रूपात रचून ठेवतो, म्हणजे ती बाधत नाही. क्लोरोक्विन त्या कप्प्यात शिरतं आणि राखेचे खडे होऊ देत नाही. जंतू स्वतःच्याच राखेनं मरतो. मग काही जंतू मरेनासे का झाले?

वेलम्स यांच्या गटानं औषधाला दाद देणारा एक जंतू आणि न देणारा एक यांचा संकर केला, जसा आपण दोन वाणांचा करतो. त्यांच्या पोरांमध्ये कुणात औषध चालतं, कुणात नाही, हे बघत बघत त्यांनी शोध सातव्या गुणसूत्रातल्या ३६ हजार अक्षरांच्या एका तुकड्यापर्यंत आणला. म्हणजे चोरी कुठल्या आळीत झाली ते कळलं. त्या आळीत एक जनुक संशयास्पद दिसलं. औषधाला न बधणाऱ्या जंतूंमध्ये त्याच्यात ठरावीक बदल जवळपास नेहमी सापडत. १९९७ मध्ये जगाला सांगितलं गेलं की बहुतेक चोर हाच.

पूर्वी असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण आता हातात हत्यार होतं. संशोधकांनी न बधणाऱ्या जंतूतलं ते जनुक बदलून पाहिलं. काहीच फरक पडला नाही, जंतू तसाच औषध पचवून बसलेला. म्हणजे हे जनुक निर्दोष, फक्त चोराच्या शेजारी राहत होतं. मग पुन्हा तीच आळी घर-घर शोधली, तेव्हा शेजारीच एक जनुक सापडलं, जे १३ तुकड्यांत विखुरलेलं असल्यामुळे आधी नजरेतून सुटलं होतं. डेव्हिड फिडॉक आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ते जाहीर केलं. २००२ मध्ये अमर बीर सिंग सिद्धू आणि फिडॉक यांच्या गटानं पुरावा पुरा केला : औषधाला दाद देणाऱ्या जंतूत त्या एकाच जनुकाचं बदललेलं रूप बसवलं आणि तो जंतू क्लोरोक्विनला दाद देईनासा झाला. हे जनुक राखेच्या कप्प्याचं दार बनवतं. दाराच्या बांधणीत थोडा फरक पडला की आत आलेलं औषध जंतू त्या दारातून बाहेर ढकलतो.

म्हणून मैत्रिणींनो, आता फाल्सिपेरम निघाला की आशाताई आर्टेमिसिनिनच्या जोडगोळ्या देतात, आणि व्हायव्हॅक्स निघाला की आजही तीच जुनी क्लोरोक्विन, कारण आपल्याकडच्या व्हायव्हॅक्सवर ती अजून चालते. गोळी तीच, ताप तोच दिसतो, पण दारं वेगळी. कुणी 'मागच्या वेळच्या उरल्यात' म्हणून शेजारणीला गोळ्या काढून देत असेल तर तिला हे सांगा.

आता बायांचीच गोष्ट. गरोदर बाईला हिवताप झाला तर तो जास्त वाईट जातो, बाळ कमी वजनाचं होतं, कधी पोटातच जातं, हे आपल्या सुईणींना कुठल्याही डॉक्टरच्या आधी माहीत होतं. का होतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. 'गरोदरपणात ताकद कमी होते' एवढंच सांगत. १९९६ मध्ये मिशाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांनी केनियातल्या बाळंतिणींच्या वारा तपासल्या. बाळंतपणानंतर पडणारी, आपण पुरून टाकतो ती वार. त्यात जंतू भरलेल्या तांबड्या पेशी दाटीवाटीनं चिकटलेल्या सापडल्या. हे जंतू शरीरातल्या इतर ठिकाणी चिकटणाऱ्या जंतूंसारखे नव्हते. वारेत असलेल्या एका विशिष्ट पदार्थालाच ते धरत होते. म्हणजे वार तयार झाली की जंतूला नवी जागा मिळते, आणि बाईच्या शरीरानं आधी कितीही हिवताप पाहिलेला असला तरी या चिकटणाऱ्या जंतूची तिच्या रक्ताला ओळख नसते. म्हणून जिथं हिवताप बारमाही असतो तिथं पहिलटकरणीला सर्वांत जास्त धोका, पुढच्या खेपांना तिच्या रक्तात थोडीफार ओळख तयार झालेली असते. आपल्याकडे हिवताप हंगामी आणि कमी-जास्त, त्यामुळे ही ओळखही पक्की होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही निर्धास्त राहता येत नाही.

जंतूकडे चिकटण्याची सुमारे ६० जनुकं आहेत आणि एका वेळी त्यातलं एकच तो वापरतो. साठ लुगडी, रोज एक नेसायचं, म्हणजे शरीराला ओळखूच येणार नाही. या जनुकांच्या घराण्याला इंग्रजीत 'व्हार' म्हणतात. आपल्या वारेशी त्या नावाचा संबंध नाही, पण आम्हाला वाचताना गंमत वाटली. वारेत चिकटायला यातलं कुठलं लागतं? २००५ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी संशयित जनुक मोडून टाकलं. मोडलेला जंतू बाकी सगळं करत होता, पण वारेतल्या त्या पदार्थाला धरायची त्याची ताकद गेली. साठांमधलं ते एकच. त्यावरून गरोदरपणातल्या हिवतापाविरुद्ध लस करायचे प्रयत्न सुरू झाले आणि बायांवर पहिल्या चाचण्याही झाल्या. वापरात येईल अशी लस मात्र अजून नाही. गरोदर बाईसाठी औषधोपचार शोधायचा तर सगळे शेवटी ठेवतात, हा अनुभव फक्त हिवतापाचा नाही.

लसीवरून रूथ नुसेनझ्वाइग यांचं नाव घ्यायला हवं. १९२८ मध्ये व्हिएन्नात एका ज्यू कुटुंबात जन्म, हिटलरच्या राजवटीतून पळून ब्राझीलला, तिथं डॉक्टर झाल्या आणि पुढे न्यूयॉर्कला काम. १९६७ मध्ये त्यांनी डासातून काढलेल्या जंतूंना क्ष-किरणांनी अर्धमेलं केलं आणि उंदरांना टोचलं. नंतर खरा जंतू दिला तरी ते उंदीर आजारी पडेनात. शरीर नेमकं काय ओळखतंय याचा शोध घेता घेता जंतूच्या अंगावरचं एक प्रथिन सापडलं. १९९७ मध्ये त्यांच्याच विद्यापीठात रोबेर मेनार यांनी त्या प्रथिनाचं जनुक उंदराच्या जंतूतून काढून टाकलं, तर डासाच्या पोटात उंदराकडे जायचे जंतू तयारच होईनात. एवढं महत्त्वाचं होतं ते.

त्या प्रथिनावर पहिली लस तयार झाली आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आफ्रिकेतल्या लेकरांसाठी तिची शिफारस केली. २०२३ मध्ये दुसरीची केली. ऑक्सफर्ड विद्यापीठाची ही दुसरी लस आपल्या पुण्यात बनते, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. जंतूच्या त्या प्रथिनाचं जनुक यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवायच्या खमिरासारख्या जिवात घालतात, कावीळ-ब च्या लसीतल्या प्रथिनाशी जोडून. यीस्ट वाढतं आणि ते प्रथिन बनवतं. लसीत जिवंत जंतू नसतो. आपल्या बाळांच्या लसीकरण कार्डावर ही लस नाही. पण पुण्याहून निघालेल्या कुप्या आयव्हरी कोस्टच्या अंगणवाडीएवढ्या पोरांना टोचल्या जातात हे आपल्याला माहीत असावं. २०२३ या एका वर्षात जगात हिवतापानं ५ लाख ९७ हजार माणसं गेली असा संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात सर्वांत जास्त पाच वर्षांखालची आफ्रिकेतली लेकरं होती.

पुढचं भराभर सांगतो. २०१२ मध्ये एमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना या दोघींनी क्रिस्पर नावाची कात्री जगाला दिली. लिखाणातली नेमकी जागा शोधून तिथंच कापणारी. दोघींना २०२० चं नोबेल मिळालं. २०१४ मध्ये ही कात्री फाल्सिपेरमवर चालवण्यात यश आलं. नशिबावर सोडलेलं शिवणकाम आता खुणेवर होऊ लागलं, महिन्यांचं काम आठवड्यांवर आलं. नेमकं तेव्हाच कंबोडियात आर्टेमिसिनिनलाही जंतू सरावू लागल्याच्या बातम्या होत्या. एका जनुकातले बदल संशयित होते. दुसऱ्या एका नेमक्या कात्रीनं संशोधकांनी कंबोडियातल्या जंतूंमधले ते बदल काढून टाकले. आधी औषध दिल्यावर शेकडा १३ ते ४९ जंतू वाचत होते, बदल काढल्यावर ०.३ ते २.४. चोर पक्का झाला. आता ते जनुक बघून कुठल्या मुलखात औषध निकामी होऊ लागलंय हे रुग्ण मरायच्या आधी कळतं. रवांडा आणि युगांडात ते तसंच कळलं.

२०१८ मध्ये एका गटानं फाल्सिपेरमचे ३८ हजारांहून जास्त मोडके प्रकार तयार केले, प्रत्येकात कुठेतरी एक खीळ ठोकलेली. त्यावरून दिसलं की रक्तात वाढायला जंतूला २,६८० जनुकं लागतातच. नवी औषधं शोधणाऱ्यांसाठी ही यादीच झाली. ज्यानं अडतं तिथंच घाव घालायचा.

आणि २०२४ मध्ये लायडनच्या संशोधकांनी जंतूचं एक जनुक काढून असा फाल्सिपेरम बनवला की तो यकृतात जातो, जवळपास आठवडाभर वाढतो, पण रक्तात उतरत नाही. स्वेच्छेनं तयार झालेल्या निरोगी माणसांना तो डास चाववूनच दिला. नंतर खरा जंतू दिला तेव्हा ९ पैकी ८ जण वाचले. नऊच माणसं, हे विसरू नका. पेपरात 'डास देणार लस' असा मथळा वाचला तर लगेच हुरळायचंही नाही आणि घाबरायचंही नाही.

राहिला व्हायव्हॅक्स, भारतात सर्वत्र भेटणारा. या सगळ्या इतिहासात तो मागं पडला, आणि कारण पुन्हा त्या मेणबत्तीच्या बरणीशी येऊन थांबतं. व्हायव्हॅक्स फक्त कोवळ्या तांबड्या पेशींत शिरतो. अशा पेशी रक्तात शंभरात एखाद-दुसरी असते. त्यामुळे तो बशीत सतत वाढवता येत नाही, आजतागायत. जो जगवता येत नाही त्याची जनुकं सहज बदलता येत नाहीत. त्याच्या जागी संशोधक त्याचा चुलतभाऊ वापरतात, नोलेसी नावाचा माकडांचा जंतू. त्याचा पहिला सविस्तर अभ्यास १९३२ मध्ये कलकत्त्यात नोल्स आणि बिराज मोहन दासगुप्ता यांनी केला होता. नाव मात्र एकट्या नोल्सचं लागलं. २०१३ पासून तो माणसाच्या रक्तावर बशीत वाढतो. खऱ्या व्हायव्हॅक्ससाठी मात्र रुग्ण असेल तिथंच जाऊन ताजं रक्त घ्यावं लागतं. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात असं काम झालं आहे, अमेरिकेतल्या संशोधकांच्या सोबतीनं. तिथं रक्त देणारे बरेच जण बांधकामावरचे मजूर असतात, कुठकुठून आलेले.

व्हायव्हॅक्सचं आणखी एक आहे. त्याचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. ताप उतरतो, बाई कामाला लागते, आणि तीन महिन्यांनी डास न चावताही पुन्हा हुडहुडी. म्हणून चौदा दिवसांच्या प्रायमाक्वीनच्या गोळ्या असतात. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या फडताळात ठेवून देणाऱ्या आपल्याच गटांत किती आहेत ते तुम्हीच मोजा. पण गरोदर बाईला प्रायमाक्वीन देताच येत नाही, पोटातल्या बाळाच्या रक्ताला त्याचा धोका असतो. तिच्या यकृतात झोपलेल्या जंतूला तोवर झोपूच द्यावं लागतं. तो कुठल्या जनुकाच्या जोरावर झोपतो, कशानं जागा होतो, याचा शोध चालू आहे. तोवर अशा बाईला गरोदरपणात थोडाही ताप आला तर त्याच दिवशी बोट टोचून घ्यायला लावायचं, आणि बाळंतपणानंतर राहिलेल्या गोळ्यांचं आरोग्यसेविकेला विचारायचं. गटाच्या वहीत अशा बायांची नावं वेगळी लिहून ठेवायला आम्ही सुरुवात केली आहे, आशाताईंच्या नोंदीशी महिन्यातून एकदा ती ताडून बघतो.